वेगात माणूस थांबत नाही

वैजनाथचं हाड जुळलं होतं. जुळलं नव्हतं ते एक वाक्य.

औशात बाजार समितीच्या फाटकासमोर त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान. बॅटला दांडा बसव, ग्रिप चढव, शाळांना लेझीम पुरव, असली कामं. गिऱ्हाईक नसलं की तो डाव्या हातात लाल बॉल घेऊन बोटांवर फिरवत बसायचा. नवा माणूस म्हणायचा, डावखुरा दिसतो. जुन्या माणसाला माहीत होतं, की हा गडी जन्मानं उजवा, आणि डावा झालाय तो कुणाच्या तरी नावानं.

ते नाव रविकिरण. भोकरचा.

मूळ गोष्ट अशी, की लातूरच्या एका शाळेत अण्णाराव सर म्हणून खेळाचे मास्तर होते. ते कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक लांबोडका बॉल घेऊन आले. रग्बीचा. तोवर त्या शाळेत कुणी असला बॉल पाहिला नव्हता. पोरं भोवती गोळा झाली.

"सर, ह्यो बॉल हाय का दुधी?"

"दुधीच समज," सर म्हणाले, "पण हातातून पाडलास तर भाजी तुझी करीन."

वैजनाथ त्या पोरांत होता. बापाबरोबर औताला जाऊन आणि गावच्या तालमीत लोळून त्याचं अंग तयार झालेलं. त्यानं तो दुधी काखेत मारला आणि जो सुटला तो मैदानाच्या टोकालाच थांबला. मागं चार जण मातीत. क्रिकेटमध्ये तर तो आधीपासूनच नावाजलेला. त्याचा बॉल दिसण्याआधी स्टंपचा आवाज यायचा. सकाळी क्रिकेट, संध्याकाळी रग्बी आणि गावात सप्ताह असला की कीर्तनाला मृदंग. लोक म्हणायचे, पांडुरंगानं एका माणसाच्या कुडीत तीन माणसं कोंबलीत.

तिकडं नांदेडच्या बाजूला तसाच एक रविकिरण. तोही दोन्ही खेळांत. जिल्हे वेगळे असले तरी शिबिरं एकच, शिकवणारे अण्णाराव सरच, त्यामुळं दोघं एका डब्यात जेवलेले, एका सतरंजीवर झोपलेले. राज्याच्या क्रिकेट शिबिरासाठी मराठवाड्यातून एक वेगवान गोलंदाज घ्यायचा ठरला, तेव्हा नाव निघालं वैजनाथचं. तो आला नाही तर रविकिरण.

शिबिराला चार दिवस होते आणि मधे नांदेडला रग्बीचा अंतिम सामना होता. लातूर विरुद्ध नांदेड.

आता रग्बीत एक नियम आहे. तो समजला की पुढची सगळी गोष्ट समजली. समोरच्यानं उंच मारलेला बॉल तुम्ही तुमच्या गोलरेषेजवळच्या पट्ट्यात थेट झेललात, आणि झेलता झेलता "मार्क!" म्हणून ओरडलात, की संपलं. तुम्हाला कुणी बोट लावायचं नाही. कितीही वेगात येत असला तरी त्यानं थांबायचं. आमच्याकडची पोरं ओरडतानाच एक हात वरही करायची, लांबच्याला दिसावा म्हणून. शाळेत हा नियम कळला तेव्हा वैजनाथच्या आईनं कपाळाला हात लावून म्हटलं होतं, "म्हंजी शरण आल्यावर मारायचं न्हाई. लई चांगला खेळ हाय की रं."

त्या दिवशी वैजनाथनं बॉल झेलला, "मार्क!" म्हणून ओरडला, हात वर केला. रविकिरण समोरून येत होता. तो थांबला नाही. वर केलेल्या हाताखाली, उघड्या पडलेल्या कुशीत, त्यानं खांदा घातला आणि वैजनाथला घेऊन जमिनीवर आला. वाळलेली तुरीची काटकी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला.

शिबिराला रविकिरण गेला. पुढं दोन हंगाम राज्याकडून खेळला, रग्बीतही नाव काढलं, खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी मिळाली, मग नांदेडात स्वतःची क्रीडा प्रबोधिनी. वैजनाथला बघायला दवाखान्यात तो एकदाही आला नाही. कुणाच्या तरी हाती सफरचंदं पाठवली. वैजनाथच्या आईनं ती म्हशीला घातली, आणि म्हैस खाईना तेव्हा म्हणाली, "बघा, जनावराला बी कळतंय."

एवढं सगळं वैजनाथनं गिळलं असतं. खेळात हाडं मोडतात. पण रविकिरणनं त्या दिवशी सगळ्यांदेखत एक वाक्य म्हटलं होतं, आणि नंतर जिथं जाईल तिथं तेच म्हणत आला: "त्यानं मार्क मागितला असेल, मला ऐकू आलं नाही. आणि आलं असतं तरी काय? वेगात माणूस थांबत नाही."

लोकांना ते पटायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटायचं. हळूहळू गोष्ट अशी झाली, की चूक कुणाचीच नव्हती, चूक वेगाची होती.

वेगाला कुठं गाठणार? वैजनाथनं माणसाला गाठायचं ठरवलं.

उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मृदंगाच्या शाईवर, उजव्या तोंडावरच्या काळ्या ठिपक्यावर, बोटं पडायची, पण त्यांत पाणी नव्हतं. तेव्हा त्यानं मृदंग फिरवून घेतला. शाई डावीकडं, कणीक लावलेली घुमारी बाजू, धूम, उजवीकडं. वारकरी मंडळी हसली. "वैजू, उलटा वाजवशील तर देव पाठ करंल." तो वाजवत राहिला. वाजवता वाजवता डाव्या हातात जीव आला, आणि एका पहाटे त्याच हातानं त्यानं शेतात रोवलेल्या तीन कापसाच्या पळकाट्यांवर बॉल टाकला. पहिला बॉल शेजारच्या ज्वारीत गेला. हजारावा कुठं गेला ते त्यानं मोजलं नाही, पण काही वर्षांनी लातूर जिल्ह्यातल्या स्पर्धांत लोक म्हणू लागले, की औशाचा डावखुरा वळवतो, सांभाळून खेळा. रग्बीच्या जुन्या खेळाडूंत तो अजून धावत होता. पहाटे लातूर रस्त्याच्या कडेनं पळताना एकच वाक्य पावलागणिक घोळायचं. तेच. रविकिरणचंच. कारण त्याचा बेत साधा होता. एक दिवस रविकिरणही बॉल झेलेल, तोही मार्क मागेल. वैजनाथ त्याच्या कुशीत खांदा घालेल. आणि तो जमिनीवर विव्हळत असताना त्याच्या कानाशी वाकून सांगेल, "भाऊ, वेगात माणूस थांबत न्हाई."

ते वाक्य त्याच्याच गळ्यात परत घालायचं होतं.

संधी आणली यासेरनं. यासेरचं लातूरच्या गंजगोलाईत लाउडस्पीकरचं दुकान. त्याचे आजोबा सप्ताहाला कर्णे लावायचे, बाप लावायचा, आता हा लावतो. शाळेत तो रग्बीच्या स्क्रममध्ये, म्हणजे खांद्याला खांदा लावून रेटणाऱ्या घोळक्यात, मधोमध उभा राहायचा. आता पोट असं सुटलं होतं की त्याच्याभोवती स्क्रम करावा लागला असता. तो दुकानात आला आणि मोबाईल पुढं केला.

"बघ बे वैजू. तुझा यार काय बोलतोय ते."

पडद्यावर रविकिरण प्रबोधिनीतल्या पोरांपुढं उभा. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. "माझ्या हातून एका मित्राचा खांदा मोडला, बाळांनो. दुःख आहे. पण रग्बी म्हणजे वेग, आणि वेगात माणूस थांबत नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

वैजनाथनं मोबाईल परत दिला. हातातला बॉल गल्ल्यावर ठेवला, तो घरंगळला, तरी त्यानं उचलला नाही.

"अण्णाराव सरांचा सत्कार हाय नांदेडात. त्यानंच ठेवलाय," यासेर म्हणाला. "जुन्या खेळाडूंचे सामने. सकाळी क्रिकेट, दुपारी रग्बी. लातूर विरुद्ध नांदेड. स्पीकर माझा, माईक पण माझाच. तू येतोस ना?"

"रविकिरण खेळणार?"

"दोन्ही."

"मग येतो. तू एक काम कर, दवाखान्याची गाडी सांगून ठेव."

"कुणासाठी रे?"

"सामना झाल्यावर कळंल."

यासेरचं हसू तोंडावरच राहिलं. "मियाँ, तू मृदंगवाला माणूस. असलं बोलू नको, अल्लाह के वास्ते."

घरी बायकोला, आरतीला, काही सांगायची गरज पडली नाही. नवरा रग्बीचे जुने बूट तेल लावून घासतोय एवढं तिनं पाहिलं.

"अहो, आमच्या माहेरी देवणीला बैलाला असंच तेल चोळतेत, बाजारात न्यायच्या आधी."

"विकायला नेतेत. मी घ्यायला चाललोय."

"काय घ्यायला?"

"माझं वाक्य," तो म्हणाला. तिला कळलं नाही. भाकरी थापायला लागली आणि त्या रात्री तवा जरा जास्तच आपटला.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या गावी कीर्तन होतं. हणमंतराव महाराज देवणीकरांचं. उंच, काळेसावळे, आवाज असा की मंडपाच्या मागं बसलेली म्हातारीसुद्धा कान न टवकारता ऐकायची. कीर्तनात ते एकच शिस्त मानत. टाळ-मृदंग ऐन रंगात आलेला असो, चाळीस टाळ खणखणत असोत, महाराजांना बोलायचं असलं की ते उजवा हात वर करत. हात वर गेला की सगळं थांबलं पाहिजे. तिथल्या तिथं. एक ठोका जास्त पडला तर कीर्तन बाजूला ठेवून मृदंगवाल्याची खरडपट्टी. वैजनाथनं पोरवयात ती एकदाच खाल्ली होती. "ठेका तर कुणीबी वाजवतंय रे बाळा," महाराज भर मंडपात म्हणाले होते, "थांबतो तो मृदंगमणी." तेव्हापासून त्याचे डोळे कातड्यावर नसत, त्या हातावर असत. हात वर गेला की बोटं आपोआप अधांतरी राहत. झोपेतून उठवून वाजवायला बसवलं असतं तरी.

त्या दिवशी महाराजांनी बैलाचा दृष्टांत दिला. "देवणीच्या बाजारात बैल घेताना दात बघतेत, वशिंड बघतेत. पण खरा जाणकार काय करतो? बैलाला गाडीला जुंपतो, उताराला सोडतो. बैल अस्सा वारा पिऊन निघाला, की मधीच हाक देतो, 'हो!' जो तिथंच पाय रोवतो, त्याचे पैसे मोजायचे. ओढ तर समद्यांनाच असती, माउली. वासनेलाबी ओढ असती, रागालाबी असती. हाकेला थांबंल तो देवाच्या गाडीचा बैल!"

मंडप डुलला. वैजनाथही डुलला. पण त्यानं त्यातला वारा पिऊन निघालेला बैल तेवढा ऐकला. डोळ्यांपुढं रविकिरण दिसत असला की माणसाला अर्धंच ऐकू येतं.

सत्काराच्या दिवशी लातूरच्या खेळाडूंची जीप अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचली. मैदानावर मंडप, खुर्च्या, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा. अण्णाराव सर थकले होते. गळ्यात मफलर, हातात काठी, पण मान राखायचा म्हणून शिट्टी त्यांच्याकडं दिलेली. रविकिरण फाटकापर्यंत चालत आला. केस पिकलेले, पण छाती अजून तशीच. त्यानं दोन्ही हात पसरले.

"वैजनाथ! ये रे गड्या, किती वर्षांनी!"

मिठी मारली. आणि मारताना त्याचा हात वैजनाथच्या उजव्या खांद्यावर नेमका थोपटत राहिला. वैजनाथ लाकडासारखा उभा होता.

क्रिकेटमध्ये रविकिरण दुसऱ्या नंबरला बॅट घेऊन आला. वैजनाथनं बॉल मागून घेतला. पहिले दोन सोडून दिले, म्हणजे बाहेर टाकले, लालूच म्हणून. तिसरा तसाच बाहेर पडला असं वाटलं. रविकिरणनं बॅट उचलून सोडून दिला, आणि बॉल आत वळून मधला स्टंप उखडून गेला. लातूरची माणसं नाचली. माईकवर यासेर ओरडला, "आ हा हा! बरसों का हिसाब!"

पण रविकिरण हसला. बॅट काखेत मारून वैजनाथपाशी आला. "मस्त टाकलास. डाव्या हातानं! तू तर उजवा होतास ना रे?"

तो डावा झालाय हेच त्याला ठाऊक नव्हतं! कुणामुळं डावा झाला ते तर सोडाच. वैजनाथच्या पोटात जे थंड व्हायला हवं होतं ते आणखी पेटलं. आउट झालेला माणूस सावलीत जाऊन लिंबू सरबत पितो. त्याचं काय मोडतं?

जेवणाआधी भाषणं झाली. रविकिरण सरांविषयी चांगलं बोलला, डोळेही पुसले. आणि मग म्हणाला, "आमचा वैजनाथ इथं आलाय. त्याचा खांदा माझ्या हातून गेला, हे मी मिरवत नाही, सांगतो. पण सरांनीच आम्हाला शिकवलं, रग्बीत वेगात माणूस थांबत नाही!"

अण्णाराव सरांनी मान वर करून पाहिलं. त्यांनी असलं काही शिकवलं नव्हतं. पण टाळ्या पडल्या होत्या. समोर बसलेल्या शेदीडशे माणसांनी, बायका-लेकरांनी, ते वाक्य ऐकलं होतं. शेजारचा एक म्हातारा वैजनाथच्या गुडघ्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "खरंय बाबा. वेगाफुडं कुणाचं चालतंय?"

वैजनाथ जेवला नाही. पानावरून तसाच उठला.

दुपारचं ऊन नांदेडात थंडीच्या दिवसांतही टोचतं. रग्बीचा सामना थोड्याच वेळाचा ठेवला होता. माणसं चाळिशीची, पोटं पुढं, दम अपुरा. पण दोन माणसं खरीखुरी पळत होती आणि ते बघणाऱ्याला कळत होतं. यासेर माईकवर पाणचट विनोद करत होता, ते हळूहळू कमी झाले.

वैजनाथ वाट बघत होता. दोनदा रविकिरण त्याच्या टप्प्यात आला, दोनदा त्यानं त्याला नियमानं पाडला आणि सोडला. रविकिरण उठून म्हणाला, "जोर आहे रे अजून." वैजनाथ परत आपल्या जागेवर गेला. त्याला पाडायचं नव्हतं. त्याला मार्क मागितलेला रविकिरण हवा होता.

अखेर बॉल त्याच्या हातात आला आणि समोर, आपल्या गोलरेषेजवळ, रविकिरण एकटा उभा दिसला. वैजनाथनं बॉल उंच मारला. सूर्यात गेला तो. सगळ्या मैदानानं मान वर केली. वैजनाथनं केली नाही. तो निघाला होता.

वारा पिऊन निघालेल्या बैलासारखा. कानात काही नाही, डोळ्यांत एकच माणूस. पावलागणिक तेच वाक्य. रविकिरण बॉलखाली सरकला, वर बघत राहिला, त्यानं बॉल छातीशी घेतला आणि खाली बघतो तर वैजनाथ येत होता. त्या एका क्षणात त्याला सगळं कळलं. कोण येतोय, कशासाठी येतोय. त्याच्या तोंडातून शब्द फुटला तो खेळाडूचा नव्हता, भेदरलेल्या माणसाचा होता.

"मार्क!"

आणि हात वर गेला.

आता काय झालं ते वैजनाथला स्वतःलाही नंतर नीट सांगता आलं नाही. मनाला तर कुशी दिसली होती, उघडी. मन म्हणालं, घाल खांदा. पण समोर हात वर गेला होता, आणि त्या अंगाला पोरवयापासून एकच ठाऊक होतं. डावा पाय मातीत रुतला. सगळं धूड त्या एका गुडघ्यावर आलं. तुरीची काटकी मोडावी तसा आवाज झाला. आणि तो थांबला. रविकिरणच्या छातीपुढं, दोघांत एक टाळ मावेल एवढी जागा ठेवून थांबला.

रविकिरणचे डोळे मिटलेले होते. हात तसाच वर. तो मार खायची वाट बघत होता, आणि मार येत नव्हता. त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. वैजनाथचा श्वास त्याच्या तोंडावर येत होता.

अण्णाराव सरांनी शिट्टी वाजवली. आणि शिट्टी विरते न विरते तोच, रविकिरणनं पैसे देऊन मागवलेल्या लाउडस्पीकरमधून, चारी कर्ण्यांतून यासेरचा आवाज आला. आधी नुसताच श्वास. मग:

"थांबला! देखो भाईयों, बघा हो मायबाप, थांबला! वेगात माणूस... थांबला!"

लोकांना कळायला एक पळ लागला. तेच वाक्य जेवणाआधी त्यांनी ऐकलं होतं, त्याला टाळ्या दिल्या होत्या. मग कुणीतरी "हो की!" म्हणालं, मागून एक बाई हसली, आणि तो म्हातारा काठी आपटून उभा राहिला, "मंग त्या वक्ताला ह्यो का न्हाई थांबला?"

एवढंच. पण तो प्रश्न एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेला, मंडपाखालून, चहाच्या टेबलावरून, प्रबोधिनीच्या पोरांतून. रविकिरण तो जाताना बघत होता. त्याच्या हातातला बॉल गळून खाली पडला.

वैजनाथनं वीस वर्षं घोटलेलं वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. त्यानं दुसरं म्हटलं. "थांबतो की रं."

आणि मग त्याचा गुडघा वाकायला नको होता त्या बाजूला वाकला.

दवाखान्याची गाडी यासेरनं खरंच सांगितली होती. पण ती यायच्या आत रविकिरणनं वैजनाथचा हात आपल्या मानेवर घेतला आणि त्याला आपल्या गाडीत घातलं. वैजनाथला दुखत होतं, आणि खरं सांगायचं तर इतकं सुख त्याला कुठल्या विकेटनंही दिलं नव्हतं. गोदावरीच्या पुलावर रविकिरणनं गाडी हळू केली. समोर बघत म्हणाला,

"मला ऐकू आलं होतं, वैजनाथ. त्या दिवशी."

"मला म्हाईत हाय."

"तू शिबिराला गेला असतास तर..."

"ते बी म्हाईत हाय. मला कशाला सांगतोस? माईकवर म्हणतोस ना इतकी वर्षं? माईकवरच सांग."

रविकिरणनं गाडीचा वेग वाढवला.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालाल, मृदंगही वाजवाल, पण खेळ संपला. दोन्ही. आरतीनं ते ऐकलं, वैजनाथकडं बघितलं. तो हसत होता.

"वाक्य मिळालं का तुमचं?" तिनं विचारलं.

"अर्धं."

फाल्गुनात गावच्या सप्ताहाला हणमंतराव महाराजांचं कीर्तन होतं. वैजनाथचा पाय पट्ट्यांत ताठ बांधलेला. खाली बसता येईना, उभं राहवेना, म्हणून देवळातली लोखंडी खुर्ची आणून तिच्यावर त्याला बसवला आणि मृदंग मांडीवर. यासेर खांबाला कर्णा बांधत होता. कीर्तनाआधीची रीत चालली होती. टाळकरी, विणेकरी, लहान-थोर, सगळे एकमेकांच्या पाया पडत होते. तिथं कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही. तुम्ही माझ्या पाया पडलात की मी तुमच्या पडायचं.

टाळकऱ्यांच्या रांगेमागून एक माणूस पुढं आला. पांढरा सदरा, टोपी नवीन, घडीही मोडली नव्हती. मंडपात कुजबुज झाली. रविकिरण वैजनाथच्या खुर्चीपाशी येऊन वाकायला लागला.

वैजनाथनं डाव्या हातानं त्याला अडवला. "माईक तिथं हाय."

रविकिरण थबकला. यासेर खांबावरून उतरला, माईक काढला, फुंकर मारून बघितली आणि त्याच्या हातात दिला. म्हणाला, "आवाज साफ येतोय, साहेब. गावाभायेर जातोय."

रविकिरण चांगला बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याला दोन वाक्यं बोलायला फार वेळ लागला.

"वैजनाथनं मार्क मागितला होता. मला ऐकू आलं होतं." कर्ण्यांनी ते शिवारात नेलं. "मला थांबता आलं असतं."

माईक परत देऊन तो आला, आणि या वेळी पुरता वाकला. डोकं वैजनाथच्या पट्टी बांधलेल्या पायावर. आता रीतीप्रमाणं वैजनाथनंही वाकायला हवं होतं. सगळा मंडप बघत होता. पण गुडघा वाकत नव्हता. आणि तो वाकत नाही याचं त्याला त्या घडीला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. मनात आलं, राहू दे वाकलेला. अजून थोडा. वीस वर्षांत हे डोकं इतक्या खाली मी बघितलं नव्हतं.

त्यानं डावा हात पुढं केला. डोक्यावर नाही, रविकिरणच्या उजव्या खांद्यावर ठेवला, हाड जिथं सापडतं तिथं. आणि दाबला. मायेनंच म्हणावं, पण जरा जोरातच. मृदंगाच्या शाईवर तयार झालेली बोटं ती. रविकिरणच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण तो हलला नाही. वैजनाथनं आणखी दाबलं.

गादीपाशी महाराज उभे राहिले होते. त्यांनी दोघांकडं पाहिलं. उजवा हात वर केला.

वैजनाथची बोटं खांद्यावरून सुटली.